स्टार्टरवरचा दुपट्टा

कामाचे अनुभव निवृत्त माणसांनी लिहायचे असतात. चाळीस वर्षं नोकरी, निरोपाला शाल, मग दिवाळी अंकात लेख. माझं तसं काही झालेलं नाही. मी एकतीस वर्षांची आहे. आमच्या जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले तेव्हा दिघोरीच्या शाळेत पहिलीत होते. आणि शाल मला कोणी घालेल असं वाटत नाही, कारण ज्यांच्या हातात शाली असतात त्यांच्याच विरोधात मी जास्त पत्रकं काढली आहेत. तरी लिहिते आहे. मला एका कागदाबद्दल सांगायचं आहे. तो कागद तुमच्याही कामाच्या ठिकाणी असेल. तुम्ही त्यावर सहीसुद्धा केली असेल.

आमच्या कागदावर टाइप केलं होतं: ‘सुरक्षिततेबाबतचे प्रशिक्षण मला देण्यात आले असून ते मला पूर्णपणे समजले आहे.’ खाली दहा सह्या. सहावी सही ईश्वरभाऊंची.

ईश्वरभाऊ आमच्या गावचे. पवनीच्या रस्त्यावर एक राइस मिल आहे, तिथे ते कामाला लागले आणि तिसऱ्या महिन्यात उजव्या हाताची तीन बोटं घालवून बसले. मी मिल कामगारांच्या एका लहान संघटनेत काम करत होते, अजूनही करते. माझ्याकडे पत्रकांचं खातं. ते काम मला चांगलं येतं असं सगळे म्हणायचे, मीही म्हणायची. ‘ईश्वरची बोटं कोणी खाल्ली?’ असं मथळ्याचं पत्रक मी एका बैठकीत लिहून काढलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पंधरा जण गेटवर उभे राहिलो.

मॅनेजर साहेब बाहेर आले. ओरडले नाहीत, पोलीस बोलावले नाहीत. फाइल उघडून तो कागद माझ्यासमोर धरला.

“देखो ताई, ट्रेनिंग झालेली आहे. ही सही कोणाची? विचारा त्यालाच.”

मी ईश्वरभाऊंकडे पाहिलं. हाताला पांढरं बँडेज, डोळे जमिनीवर.

“सही तं मायीच हाये,” ते म्हणाले. “कामावर लागलो त्या दिवशी दहाही जनायनं केली. ट्रॅक्टरच्या बोनेटवर कागद ठेवला होता. मुनीम म्हने, लौकर करा, ट्रक उभा हाये.”

“वाचलं होतं?”

“वाचाले कोन देते बाप्पा?”

साहेबांनी फाइल मिटली. पंधरा माणसं, पाचशे पत्रकं, दोन झेंडे, आणि एका कागदाने आम्हाला गेटवरून परत पाठवलं. माझा सगळा धंदा कागदावर. त्यातच मी हरले होते. त्या दिवशी पवनीच्या बसमध्ये डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ज्याला हे लोक ‘ट्रेनिंग’ म्हणतात ती वस्तू नेमकी काय असते? कोणाला ती माहीत आहे? साहेबांना नाही. मुनीमाला नाही. आणि खरं बोलायचं तर मलाही नाही.

म्हणून मी ती शिकायला बसले. कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण आणि विकास या विषयाची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी असते, आणि ती मोबाइलवर घरबसल्या करता येते, हे मला तोवर माहीत नव्हतं. प्रवेशअर्जात एक रकाना होता, ‘सध्याचे पद’. मी लिहिलं, ‘पत्रकलेखक’. दुसरा रकाना, ‘कंपनीतील एकूण कर्मचारी’. मी लिहिलं, ‘दोन आणि एक पंखा’. तो अर्ज परत आला. मग नीट भरला.

आमच्या बाबांना धान कळतं आणि माणसं कळतात, बाकी ते विचारून घेतात.

“पोरी, हे कायची डिगरी म्हनतेस?”

“कामावरच्या लोकांना काम शिकवायची.”

“मंग आजवरी लोकं काम कसे करत होते?”

याचं उत्तर पुढे ज्या माणसाकडून मिळालं, त्याला मी आधी गप्प बसवलं होतं. ते येईलच.

वर्ग रविवारी सकाळी. संघटनेचं ऑफिस पवनीत एका शिंप्याच्या दुकानावरती आहे, तिथे रेंज बरी. बाकीचे विद्यार्थी पुण्याचे, हैदराबादचे, बंगळुरूचे. कोणी हॉटेलात, कोणी सॉफ्टवेअर कंपनीत, कोणी मोठ्या दवाखान्यात. त्यांच्या मागे पुस्तकांची कपाटं दिसायची, माझ्या मागे शिलाई मशीनचा आवाज. अभ्यास सगळा इंग्रजीत. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, त्यामुळे प्रत्येक पान तीनदा वाचायचं: पहिल्यांदा शब्दांसाठी, दुसऱ्यांदा अर्थासाठी, तिसऱ्यांदा भांडायला. प्रकल्प मात्र मराठीत लिहायची मुभा होती, एवढं एक बरं.

आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम पुण्याच्या. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, तुम्ही आजवर लोकांना काय शिकवलंत? मी म्हटलं, चिडायला. बाकीचे हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, “चिडलेल्या माणसाच्या हाताला काय करायचं ते कळतं का?”

ते वाक्य मला झोंबलं, आणि कामाला आलं. पत्रक माणसाच्या डोक्यात शिरतं, फार तर घशात. त्याने घोषणा चांगली निघते. प्रशिक्षण हातात उतरावं लागतं. मशीन अडकलं की हात आपोआप कुठे जातो, यावर ते झालं की नाही हे ठरतं. ते तपासायच्या पायऱ्याही असतात. शिकवलेलं लोकांना आवडलं का? समजलं का? चार आठवड्यांनी कामावर ते तसं करतात का? आणि त्याने काही बदललं का? माझ्या लक्षात आलं की आमच्या मिलींमध्ये पहिल्या पायरीच्याही अलीकडे एक पायरी असते, सही झाली का, आणि सगळे तिथेच बसकण मारतात.

तिसऱ्या सत्रात प्रकल्प आला. खऱ्या कामाच्या ठिकाणी जायचं, तिथली गरज शोधायची, प्रशिक्षण द्यायचं, चार आठवड्यांनी परत जाऊन पाहायचं, आणि सगळ्याचा अहवाल. शेवटच्या पानावर त्या ठिकाणच्या प्रमुखाची सही. ती नसेल तर प्रकल्प धरला जाणार नाही.

मी त्याच मिलमध्ये गेले.

संघटनेत गदारोळ झाला. “काल गेटवर होतीस, आज साहेबाच्या ऑफिसात खुर्चीवर?” असं माझ्या तोंडावर म्हटलं गेलं. मॅनेजर साहेबांनाही गंमत वाटली असावी. पण माल घेणाऱ्या एका मोठ्या व्यापाऱ्याने त्यांच्याकडे प्रशिक्षणाचे कागद मागितले होते, आणि इथे फुकटात ट्रेनर दारात उभी होती. “करा ताई, करा. फक्त भाषण नको.”

गेटवर ईश्वरभाऊ होते. बोटं गेल्यावर मिलने त्यांना चौकीदार केलं होतं, रजिस्टरात गाड्यांचे नंबर ते डाव्या हाताने लिहायचे. मला वाटलं, तेही काहीतरी लागट बोलतील.

“जा तू आत,” ते म्हणाले. “पन मले आता पत्रक नोको देऊ. मायं नाव लई छापून झालं.”

मिल ज्यांनी आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. धानाची पोती जमिनीलगतच्या हौदात रिकामी होतात. तिथून धान वरच्या मजल्यावर नेतो तो एलिव्हेटर: एक उभा पट्टा, त्याला पत्र्याच्या वाट्या, विहिरीवरच्या रहाटासारखा फिरत राहतो. त्याचं बूड जमिनीखाली खड्ड्यात असतं. ओलं धान, तणस (धानाचा पेंढा), पोत्यांची सुतळी तिथे अडकते आणि पट्टा थांबतो. मग एक माणूस खड्ड्यात उतरतो, बुडाची झडप उघडतो, सळईने आणि हाताने घाण काढतो. पट्टा सुरू करायचं बटण, म्हणजे स्टार्टर, भिंतीपलीकडच्या पॅनेलवर. तिथून खड्डा दिसत नाही. बाकीची मशिनं सुरूच असतात, त्यामुळे हाक ऐकू येत नाही. एवढं कळलं की ईश्वरभाऊंची बोटं कशी गेली ते वेगळं सांगायला नको.

खड्ड्यात उतरणाऱ्यांमध्ये सगळ्यात जुने मधुकरभाऊ. पन्नाशीचे, काटक, गालात कायम खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू. मी पाहणीला गेले त्या दिवशी त्यांनी पॅनेलपाशी जाऊन खांद्यावरचा दुपट्टा काढला (आमच्याकडे पुरुषांच्या खांद्यावरच्या पंच्यालाही दुपट्टाच म्हणतात), स्टार्टरवर गाठ मारून बांधला आणि खड्ड्यात उतरले. काम झालं, वर आले, दुपट्टा सोडला, तोंड पुसलं, ऑपरेटरला हात केला. पट्टा सुरू.

माझ्या वहीत मी लिहिलं: ‘अनौपचारिक व असुरक्षित पद्धत. तातडीने बंद करावी.’ आज ती वही उघडली की कान गरम होतात.

“हे काय करता मधुकरभाऊ? दुपट्ट्याने मशीन थांबतं का?”

“थांबत नाही. पन कोनी चालू बी करत नाही.”

“ईश्वरभाऊंच्या वेळी केलंच ना?”

“तो नवा होता. दुपट्टा बांधाचा अस्ते हे त्याले कोनी सांगतलंच नाही. आमी बी नाही सांगतलं.” त्यांनी दुपट्टा परत खांद्यावर टाकला. “त्याचं लागते मनाले.”

हे वाक्य ऐकूनही मी ऐकलं नाही. माझ्या डोक्यात पुस्तकातलं चित्र होतं: स्विचला कुलूप आणि छापील सूचना. कुलपांना साहेबांनी “बाद में देखेंगे” म्हणून वाटाण्याच्या अक्षता लावल्या. राहिली छापील सूचना. आणि छापायचं म्हटलं की मला कोण अडवणार? लाल कार्डं केली, जाड प्लास्टिकमध्ये घातलेली, वर तार. ‘थांबा! आत माणूस आहे. सुरू करू नका!’ उद्गारचिन्हं दोन. पत्रकवालीचीच ती कार्डं.

प्रशिक्षण झोकात झालं. बावीस माणसं, दोन तास, फळा, मोबाइलवरचे फोटो. शेवटी प्रश्न विचारले, सगळ्यांनी बरोबर उत्तरं दिली. मी निक्षून सांगितलं, आजपासून दुपट्टे बंद, खड्ड्यात उतरताना फक्त कार्ड. मधुकरभाऊ मागे बसून खर्रा घोटत होते.

“ताई, मी दुपट्टा बी बांधला आन् कार्ड बी लटकवलं तं?”

“नाही. एकच पद्धत. दोन असल्या की गोंधळ होतो.”

लोक हसले, कारण मी ते गेटवरच्या आवाजात म्हटलं होतं. मग हजेरीचा कागद फिरवला. सह्यांच्या वर मी एक ओळ टाइप करून आणली होती. तेव्हा तिच्यात मला काहीच वावगं दिसलं नाही.

रविवारी वर्गात मी कार्डांचे फोटो दाखवले. मॅडम “छान” म्हणाल्या. हैदराबादच्या एका सहाध्यायाने कार्डाचं डिझाइन मागितलं. मला फार बरं वाटलं. ते लपवत नाही.

चार आठवड्यांनी मी परत गेले, हातात निरीक्षणाचा तक्ता. दुपारची वेळ, धानाच्या ट्रकांची रांग गेटबाहेर रस्त्यापर्यंत. पॅनेलवर कार्ड लटकलेलं होतं. मी तक्त्यात बरोबरची खूण केली. मग ऑपरेटर संतोष आला, त्याने कार्ड बाजूला सारलं, आणि हिरवं बटण दाबलं.

भिंतीपलीकडून असा आवाज आला, जसं कोणी पत्र्याचा डबा पायाखाली चिरडतो आहे.

मी धावले. संतोष माझ्या मागे. खड्ड्याच्या काठाला मधुकरभाऊ उभे होते, कमरेपर्यंत आत, एक कोपर वर टेकलेलं. खर्रा थुंकायला ते झडपेपासून उठून वर वाकले होते. खर्ऱ्याने आजवर कोणाचं भलं केलं असेल तर त्या दिवशी, त्या एका थुंकीपुरतं. त्यांची सळई पट्ट्याने ओढून नेली होती आणि वाकवून परत फेकली होती. संतोषने पळत जाऊन बटण बंद केलं, परत आला आणि डोकं धरून खालीच बसला.

“कार्ड होतं ना रे तिथं!” मी ओरडले. “मी पाहिलं!”

“कार्ड तं रोजच लटकून राह्यते, ताई,” तो रडकुंडीला आला होता. “काल बी होतं, परवा बी होतं. कोनी काढतच नाही. मी दर घडी खड्ड्यात पाहाले जाऊ का?”

मधुकरभाऊ वर आले. वाकलेली सळई उचलून त्यांनी माझ्या हातात दिली. ती अजून गरम होती.

“घ्या ताई, तुमची ट्रेनिंग.”

ते पॅनेलपाशी गेले, मी मागोमाग. लाल कार्ड काढून त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर धरलं.

“हे कोनाचं हाये?”

“म्हणजे?”

“कोनाचं हाये, सांगा ना. मायं? संतोषचं? मुनीमाचं? कोनाचंच नाही. म्हून कोनी काढत नाही. आता हे पाहा.” त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा ओढला. “हा माया. पूर्‍या मिलला ठाऊक हाये का हा मधुकरचा. मी घामानं निथळत वर आलो का मले तोंड पुसाले हा पाह्यजे. म्हून मीच सोडतो, दुसरा कोनी हात लावत नाही. दुसऱ्याचा घामाचा दुपट्टा कोन धरन? बांधला हाये म्हनजे मी आत हावो. नाही हाये म्हनजे मी बाहीर. सालोसाल चाललं होतं. तुमी बंद केलं.”

बाबांच्या प्रश्नाचं हे उत्तर. आजवर लोक काम कसे करत होते? असे.

मी तीन सत्रांची फी भरून, रात्रंदिवस इंग्रजी फोडून जे शोधत होते, ते या मिलमध्ये स्टार्टरवर लटकत होतं. त्यात एकच उणीव होती: नव्या माणसाला ते कोणी सांगत नव्हतं. शिकवायचं तेवढंच होतं. आणि मी नेमकं तेच मोडून टाकलं, त्याच्या जागी उद्गारचिन्हं लटकवली.

पण यापेक्षा वाईट गोष्ट मला संध्याकाळी बसस्टँडवर कळली. पिशवीतून हजेरीचा कागद काढला. सह्यांच्या वरची माझी ओळ वाचली: ‘वरील प्रशिक्षण मला देण्यात आले असून ते मला समजले आहे.’ बावीस सह्या. आठव्या नंबरला मधुकरभाऊ. त्यांचा हात त्या दिवशी गेला असता, तर साहेबांनी फाइल उघडून कोणता कागद दाखवला असता? मी टाइप केलेला. फक्त ‘पूर्णपणे’ हा शब्द मी गाळला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. अहवालाचं शेवटचं पान त्यांच्या टेबलावर, पेन उघडं.

“ताई, कालचं कुठे लिहू नका. कोणाला काही झालं का? नाही झालं. मी सही करतो, तुमची डिग्री होते, विषय खतम.”

“आणि लिहिलं तर?”

“मग मी कशाला सही करू? आपल्याच मिलचा जाहीरनामा?”

मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, “प्रमुखाची सही नसेल तर मी पास करू शकत नाही. नियम आहे. सहा महिने जातील. निर्णय तुमचा.” मग थोड्या वेळाने, “पण काय झालं ते लिहून मला पाठवा. प्रकल्प म्हणून नाही. मला वाचायचं आहे.”

मी खरं ते लिहिलं. साहेबांनी सही केली नाही. प्रकल्प गेला. माझ्या वर्गातले लोक पुढच्या सत्रात गेले, त्यांच्या गटाने मला निरोपाचे फुलांचे फोटो पाठवले. संघटनेतल्यांनी ‘आम्ही सांगितलं होतं’ म्हटलं. वाईट वाटलं का? वाटलं. पण त्या कागदाला जोडून पदवी घेतली असती, तर ती भिंतीवर टांगायला मला खिळा सापडला नसता.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा, काहीही न छापता, मिलमध्ये गेले. साहेबांनी अडवलं नाही, त्या व्यापाऱ्याला प्रशिक्षणाचे कागद अजून द्यायचेच होते. मधुकरभाऊंना म्हटलं, “मला खड्ड्यात उतरायला शिकवा.”

“तुमाले? कायले?”

“मी न उतरता बावीस जणांना शिकवलं म्हणून.”

त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. “ओढनी बांधा मंग स्टार्टरवर. पन गाठ मारा नीट, फुगडीच्या वक्ती कमरेले मारता तशी नोको.” सगळे हसले. मी ओढणी बांधली आणि उतरले. खाली धानाचा आंबूस वास आणि अंधार, दोन माणसं मावणार नाहीत इतकी जागा. झडपेत हात घातला. वर, भिंतीपलीकडे, फक्त माझी ओढणी होती. ती माझी आहे हे संतोषला माहीत होतं, यावर माझा हात टिकून होता. हे कोणत्याही पानावर तीनदा वाचून कळलं नसतं.

नवी पद्धत आम्ही तिघांनी मिळून बसवली: मधुकरभाऊ, संतोष आणि मी. पॅनेलवर त्या पट्ट्याच्या मुख्य स्विचच्या दांडीला कुलूप अडकवायला भोक असतं. मिल बांधली तेव्हापासून ते रिकामं होतं. आधी स्विच बंद करून त्यात कुलूप. कुलपाच्या कडीतून आपला दुपट्टा, म्हणजे कोण आत आहे ते लांबूनच दिसावं. चावी करदोड्याला बांधून माणसाबरोबर खड्ड्यात. तो वर येईपर्यंत मालक आला तरी पट्टा फिरणार नाही.

कुलपं मात्र साहेबांना अजूनही ‘बाद में’ हवी होती. मधुकरभाऊंनी भाषण केलं नाही. पट्टा अडकला तेव्हा ते खड्ड्याच्या काठावर जाऊन बसले आणि खर्रा घोटू लागले. मुनीम धावत आला.

“काहून बसून राहिले मधुकरभाऊ? ट्रक उभे हायेत!”

“कुलूप येऊ द्या.”

“अरे, दुपट्टा बांध ना!”

“दुपट्टा बंद हाये. ट्रेनिंग झाली ना आमची. सह्या हायेत.”

एक एक करून सगळे त्यांच्या शेजारी बसले. घोषणा नाही, झेंडा नाही. ट्रकवाले हॉर्न वाजवत राहिले. दुपारचा चहा यायच्या आत मुनीम मोटरसायकलवर पवनीला गेला आणि सहा कुलपं घेऊन आला. इतकी वर्षं पत्रकं काढून मला जे जमलं नव्हतं ते त्या माणसाने माझाच कागद माझ्याच समोर वापरून करून दाखवलं. मी खड्ड्यापासून दोन हातांवर उभी राहून पाहत होते. परत जाताना गेटवर ईश्वरभाऊ म्हणाले, “हे पत्रक लई बेस जमलं.”

पुढच्या सत्रात प्रकल्प पुन्हा लिहायचा होता, पुन्हा त्याच मिलमध्ये. या वेळी मी कागद बदलला. ‘मला समजले आहे’ ही ओळ काढून टाकली. का म्हणून शिकणाऱ्याने लिहून द्यायचं की त्याला समजलं? शिकवणाऱ्याने लिहून द्यावं की त्याने शिकवलं, समोरच्याच्या हाताने करून घेतलं, आणि त्यात खोट निघाली तर जाब त्याला विचारावा. नव्या कागदावर डावीकडे शिकणाऱ्याचं नाव, त्याने कोणतं काम हाताने करून दाखवलं ते, आणि उजवीकडे शिकवणाऱ्याची सही. शिकणाऱ्याच्या सहीला जागाच नाही.

धानाच्या हंगामासाठी सहा नवी माणसं लागली होती. त्यांना शिकवायला मी उभी राहिले नाही. कुलूप-दुपट्टा मधुकरभाऊंनी शिकवलं. आणि पहिला अर्धा तास, मी खूप मनधरणी केल्यावर, ईश्वरभाऊंनी. ते गेटवरून आत आले, एलिव्हेटरपाशी उभे राहिले. अपघातानंतर पहिल्यांदाच. उजवा हात ते नेहमी खिशात ठेवतात. तो त्यांनी बाहेर काढला.

“मले कोनी सांगतलं नवतं,” ते म्हणाले. “तुमाले मी सांगून राहिलो. आता एकेक जन उतरा. मी पाहातो.”

सहाही जण उतरले. एकाने चावी कुलपालाच ठेवली, त्याला त्यांनी वर बोलावून परत उतरवलं. तो कुरकुरला, तर म्हणाले, “तुले कटाळा आला? मी हात दाखवू का पुना?” तो मुकाट उतरला.

शेवटी त्यांनी डाव्या हाताने, वेळ घेत, सहा नावांसमोर सहा सह्या केल्या. त्यांच्याखाली मधुकरभाऊंनी केल्या. सगळ्यात खाली मी.

कागद घेऊन मी ऑफिसात गेले. ईश्वरभाऊ माझ्याबरोबर आले, दाराशी उभे राहिले. साहेबांनी कागद उलटसुलट केला, मग कपाटातून जुनी फाइल काढली आणि दोन्ही शेजारी ठेवले.

“ताई, याची सही जुळत नाही. जुनी वेगळी आहे. उद्या कोणी तपासलं तर?”

मी तोंड उघडणार होते. ईश्वरभाऊ आधी बोलले.

“कशी जुळन साहेब? जुनीचे बोटं तुमच्या एलिव्हेटरात रायले.”

साहेबांनी फाइल मिटली, ती कपाटात ठेवली नाही, टेबलाच्या कडेला सारली. मग माझ्या अहवालाचं शेवटचं पान ओढलं, पेनचं टोपण काढलं, आणि उभ्या उभ्याच सहीच्या जागेवर टोक टेकवलं. बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न दिला.

मी पानावर हात ठेवला.

“साहेब, आधी वाचा. मग सही करा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. मग खुर्ची ओढली, खिशातून चष्मा काढला, अहवाल पहिल्या पानावर उलटला, आणि वाचू लागले.